"दोनदा घासतो सर!": शाळकरी पोरांचे दात आणि रात्रीचा कोरडा ब्रश

करवीरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. धागा पोरांच्या दातांवर आहे, पण नेहमीच्या 'दात कसे घासावेत' छापाचा नाही.

वर्गात "दात दिवसातून किती वेळा घासायचे?" असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, "दोनदाऽऽ!" पुस्तक, भिंतीवरचा तक्ता आणि टीव्हीवरच्या जाहिराती, सगळ्यांनी मिळून हे उत्तर पोरांच्या तोंडी पक्कं बसवलंय. गोड खाल्ल्यानं दात किडतात, ब्रश तीन महिन्यांनी बदलावा, जीभही साफ करावी, सगळं तोंडपाठ. परीक्षेत विचारलं तर पैकीच्या पैकी मार्क.

मग मी प्रश्न बदलला. दातांचं नावही काढलं नाही. म्हटलं, "काल रात्री जेवल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते वहीत क्रमानं लिहा." वह्या घरी आणून वाचल्या. "जेवलो. मालिका बघितली. आज्जीचे पाय चेपले. झोपलो." "जेवलो, पप्पांच्या मोबाईलवर गेम खेळलो, दूध पिलो, झोपलो." एकानं म्हशीला वैरण टाकल्याचं लिहिलंय, एकीनं धाकट्या भावाला झोपवल्याचं. ब्रश सापडला फक्त एका वहीत, आणि ती पोरगी गावातल्या नर्सबाईंची.

म्हणजे माहिती आहे, सवय नाही. आणि आपण वर्षानुवर्षं माहितीच देत बसलोय.

दुसरी गोष्ट. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक दरवर्षी शाळेत येतं. २०१३ पासूनचा हा कार्यक्रम, त्यात दातही तपासतात. डॉक्टर बॅटरी मारून तोंडात बघतात, कीड दिसली की कार्डावर नोंद होते आणि पुढं दाखवायला चिठ्ठी मिळते. दप्तरं तपासताना मला गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्या अजून सापडतात. एकीची होडी झालेली होती.

तर तुमच्या घरी रात्री नेमकं काय चालतं ते खरं खरं सांगा. उपदेश नको, अडचणी सांगा.

रंकाळ्यावरचा_गणपा

सर, आमच्या आज्ज्यानं जन्मात ब्रश धरला न्हाई. राखुंडी नायतर बाभळीची काडी. पंच्याहत्तरीत गडी उसाचं कांडं दातानं सोलायचा. आताच्या पोरांना ब्रश हाय, पेस्ट हाय, पेस्टला ष्ट्रॉबेरीचा वास हाय, आणि चौथीत दाढा काळ्या. ह्याचं उत्तर द्या आधी, मग धागा फुडं न्या.

शिरोळची_सई

सर, आमची अडचण सांगते. घरात दहा माणसं, मोरी परसात. रात्री जेवणं आवरायला साडेनऊ होतात, तोवर पोरगा टीव्हीसमोर आडवा. त्याला उठवून, चप्पल घालून, अंधारात परसात न्यायचं, थंडीत गार पाण्यानं चूळ भरायला लावायची. तो रडतो, सासरे म्हणतात "कशाला झोपंचं खोबरं करताय, सकाळी घासंल की." मी दोनदा म्हणते, तिसऱ्यांदा गप्प बसते. आणि झोपताना दूध हवंच. साखर घालून. नाहीतर पीत नाही.

मंगळवारपेठी

आमच्याकडं सगळं आहे, बेसिन आहे, गरम पाणी आहे, तरी तेच. मुलगी ब्रश ओला करून परत ठेवते आणि "झालं" म्हणते. ओला आहे का बघितलं तर ओला असतो!

दाढदुखी

आयडीवर जाऊ नका, पेशानं दंतवैद्य आहे. :-)

आधी गणपांचा आज्जा. तोंडातले जंतू (त्यातला मुख्य स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स) साखर खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातले क्षार विरघळायला लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल शमवते, क्षार परत बसवते, त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे एकूण किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं, हा हिशोब महत्त्वाचा. आज्जोबा दोन वेळा भाकरी खायचे, मध्ये काही नाही. लाळेला दिवसभर सवड. आजचं पोर सकाळी चहा-खारी, शाळेच्या वाटेवर लिमलेटची गोळी, मधल्या सुट्टीत क्रीमचं बिस्कीट, वर्गात कुणाच्या तरी वाढदिवसाचं चॉकलेट, संध्याकाळी परत चहा-बटर आणि झोपताना गोड दूध. लाळेनं काम करायचं कधी? त्यात झोपेत लाळ फारच कमी सुटते, म्हणून रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा मोलाचा. एकच वेळ जमणार असेल तर मी पालकांना रात्रीची धरा म्हणते.

आणखी एक. आज्जोबांचे दात टिकले म्हणून ते घरोघरी गोष्टीत आले. त्याच गल्लीत पन्नाशीत बोळकं झालेले किती जण होते, त्यांची गोष्ट कोण सांगतंय? राखुंडीनं आणि कोळशानं दात झिजतात, हेही जाता जाता.

गुळव्याचा_नातू

साखरेला काय बोलायचं ते बोला, पण गुळाला हात लावायचा नाही. तीन पिढ्यांचं गुऱ्हाळ आहे. आम्ही लहानपणी काकवीत चपाती बुडवून खाल्ली, गरम गुळाचा गोळा उसाच्या कांड्याला लावून चाटला. गूळ नैसर्गिक, त्यात लोह. दाताला काय होत नाही.

दाढदुखी

नातू, गूळ मीही खाते, कोल्हापूरची आहे. पण जंतूला तो सेंद्रिय आहे की कारखान्याचा, हे कळत नाही. गुळात बहुतांश तीच ऊससाखर असते, वर तो चिकट, दाढेच्या खाचेत बसून राहतो. चिक्कीचंही तेच, तिळगुळाचंही. खायचा तर जेवणात खा, भाकरी-दुधाबरोबर खा. खिशात खडा ठेवून दिवसभर चघळू नका. ऊसही जेवणानंतर खाल्ला तर चालेल. चोथ्यानं दात साफ होतात म्हणून ब्रश नको, हे मात्र खरं नाही. चोथा घासतो त्याच वेळी रस मुरतो.

आता सर, तुमच्या वर्गासाठी खरं महत्त्वाचं. हे एक सगळ्या पालकांना सांगा, बाकी काही नाही सांगितलं तरी चालेल.

सहाव्या वर्षाच्या आसपास, म्हणजे पोर पहिलीत असताना, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागं एक नवी दाढ येते. वर दोन, खाली दोन. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. पुढचा दात पडला की शेणात गुंडाळून कौलावर फेकायचा सोहळा होतो, ही बिचारी गुपचूप येते. पालक तिला दुधाचीच समजतात आणि "पडणारच आहे की" म्हणून सोडून देतात. ती पडणार नसते. ती पक्की दाढ, आयुष्यभराची. माथ्यावर खोल खाचा असतात, वर येत असताना ती बाकीच्या दाढांपेक्षा खाली असते, त्यामुळं ब्रश तिच्यावरून नुसता तरंगत जातो. चौथीतल्या ज्या मुलाच्या "दुधाच्या दाढेला कीड" असते, त्यातल्या कितीतरी दाढा ह्याच असतात.

ओळखायची कशी: पोराला दारात उजेडात बसवा, मान मागं करा, चमच्याच्या दांड्यानं गाल बाजूला घ्या. पुढच्या दोन दातांमधल्या फटीपासून मागं मोजत या. सहावा आला का? तीच ती. तिच्यावर काळी रेघ किंवा खडूसारखा पांढरा डाग दिसला तर लगेच दाखवा. पांढऱ्या डागापर्यंत फ्लोराइडनं ती कीड थोपवता येते, खड्डा पडल्यावर भरावंच लागतं. कीड नसेल तर खाचा सीलंटनं, म्हणजे पातळ लेपानं, बुजवून घेता येतात. सुई नाही, ड्रिल नाही, पोर रडत नाही.

शिरोळची_सई

आत्ता जाऊन बघून आले. सहावी आहे. चारही बाजूंना. मला खरंच माहीत नव्हतं. खालच्या डाव्या दाढेवर बारीक काळी रेघ दिसतेय. उद्या नेते.

करवीरचा_मास्तर

हे उद्याच वर्गात करायला लावतो. पोरं एकमेकांचे दात मोजण्यात भलतीच रंगतात, वर गणितही होईल.

मंगळवारपेठी

+१, वाखु (वाचनखूण) साठवली. पण दुधाचे दात पडणारच असतील तर ते भरायचा खर्च कशाला, असं आमच्या घरात अजून म्हणतात. काय सांगू?

दाढदुखी

दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर पोरानं चावायचं कशानं? शिवाय त्या खालच्या पक्क्या दातांची जागा राखतात. लवकर काढल्या की शेजारचे सरकतात आणि मग वाकडे दात, तारा, त्याचा खर्च. घरच्यांना तारांच्या खर्चाचा आकडा सांगा, पटेल.

वरचा दात काढला की डोळे जातात, हेही येईलच आता, म्हणून आधीच सांगते: नाही जात.

कागलकर_काकू

मी एक वेगळं सांगतो. कुणी बोलंना म्हणून.

आमच्या भागात बायका अजून मिसरी लावत्यात. तव्यावर तंबाखू भाजायचा, चुरायचा, डबीत भरायचा. सकाळी उठल्याबरोबर उंबऱ्यात बसून बोटानं हिरड्या चोळायच्या. पोट साफ होतंय म्हणायचं. माझ्या चुलत जावंच्या घरी गेलो होतो, तर आज्जीशेजारी सात वर्षांची नात बसलेली, आज्जीच्याच डबीत बोट बुडवून चोळतेली. आज्जी हसून म्हणती, "बघा की, माझ्यावरच गेलीया." मला काय हसू आलं न्हाई.

त्या पोरीला शाळंत विचारलं असतं, दात घासतेस का, तर "व्हय, दोनदा" म्हणाली असती, आणि खोटंबी नव्हतं. सर, तुमच्या वहीत हे येणार न्हाई. कशानं घासती ते विचारा.

दाढदुखी

काकू, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मिसरी म्हणजे शुद्ध तंबाखू, हिरडीतून निकोटिन थेट रक्तात जातं. सात वर्षांच्या पोरीला दात घासायची सवय म्हणून नाद लागतो. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारनं १९९२ मध्येच बंदी घातली, पण घरच्या तव्याला कुठला कायदा लावणार? बायकांच्या तोंडात पांढरे चट्टे बघते तेव्हा विचारते, कधीपासून लावता? "पोरगी असल्यापासून" हे उत्तर ठरलेलं.

करवीरचा_मास्तर

काकू, प्रश्न सुधारून घेतला. २००३ च्या कायद्यानं अठराच्या आतल्यांना तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांत विक्रीच नाही. त्या रेघेचा बोर्ड आमच्या फाटकावर आहे. घरातल्या डबीला मात्र पालक सभेतच हात घालावा लागेल, आणि सभेला आया येतात, आज्ज्या येत नाहीत. ह्या वेळी आज्ज्यांनाच बोलवतो. हळदी-कुंकवाच्या निमित्तानं.

पेठेतला_लेफ्ट_विंगर

थोडं अवांतर, पण दातांचंच. आमच्या पेठेतली पोरं चालायला लागली की फुटबॉल मारतात. परवा प्रॅक्टिसला नऊ वर्षांच्या एका पोराच्या तोंडावर कोपर बसला, पुढचा दात मुळासकट मातीत. सगळ्यांनी रक्त थांबवायला बर्फ आणला, दात कुणीतरी कागदात गुंडाळून खिशात ठेवला. डॉक्टरकडे संध्याकाळी पोचले, तोवर उशीर झालेला. असं झालं तर करायचं काय असतं?

दाढदुखी

अवांतर अजिबात नाही. नऊ वर्षांचा म्हणजे पुढचा दात पक्का होता. तो परत बसू शकतो, पण घड्याळ धावत असतं.

दात पांढऱ्या बाजूनं धरा, मुळाला बोट लावू नका, तिथं जिवंत पेशी असतात. माती असेल तर दुधात किंवा स्वच्छ पाण्यात क्षणभर विसळा, घासू नका, साबण नको. जमलं तर तिथंच खड्ड्यात बसवून पोराला रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर दात दुधात टाका आणि अर्ध्या तासात, फार तर तासाभरात दंतवैद्याकडे पोचा. कोरड्या कागदात त्या पेशी मरतात. दुधाचा दात पडला असेल तर मात्र परत बसवायचा नसतो, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

कोल्हापुरात मैदानाजवळ दूध मिळणं अवघड नाही. आणि माउथगार्ड वापरा हो, शिनगार्ड घेता तसंच.

पेठेतला_लेफ्ट_विंगर

हे छापून तालमीच्या भिंतीवर लावतो.

ऊसपट्टा

हातकणंगले भागात ऊसतोड मजुरांच्या पोरांना हंगामात शिकवतो. दिवाळीनंतर टोळ्या येतात, मार्च-एप्रिलपर्यंत फडावर पाल. आई-बाप पहाटे अंधारात फडात जातात, पोरं आपली आपण उठतात. ब्रश घरात असेल तर एक, सगळ्यांना मिळून. हातात दिवसभर उसाचं कांडं, कारण भूक लागली की तेच आहे. पाणी टँकरचं. अशा पोराला "रात्री बेसिनपाशी दोन मिनिटं" सांगताना माझीच जीभ अडखळते. मास्तर, सवय लावायला आधी जागा लागते हो.

आम्ही एक करून बघितलं. दुपारच्या जेवणानंतर शाळेतच ब्रश. प्रत्येकाच्या दांड्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, कारण नाव लिहिलं की पुसतं आणि लहानांना वाचता येत नाही. ब्रश पत्र्याला भोकं पाडून उभे टांगले, टोपणं लावली नाहीत, ओलसर राहून वास मारतात. पहिल्या आठवड्यात ब्रशच्या तलवारी झाल्या. मग बसलं. पाण्याचा प्रश्न मात्र रोजचा.

दाढदुखी

ऊसपट्टा, पाण्याचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा लहान आहे. आणि सई, हे तुमच्यासाठीही. ब्रश करून झाल्यावर चूळ भरायचीच नाही. फेस थुंकायचा, बस्स. चुळेनं पेस्टमधलं फ्लोराइड धुऊन जातं, ते दातावर राहिलं तरच कामाचं. म्हणजे मोरी लागत नाही, गार पाणी लागत नाही. टीव्हीसमोर बसवा, जाहिराती लागल्या की ब्रश हातात द्या, थुंकायला एक जुना टमरेल. पेस्ट वाटाण्याएवढी. तीन वर्षांच्या आतल्याला तांदळाच्या दाण्याएवढी, आणि घासायचं तुम्ही. सात-आठ वर्षांपर्यंत पोराचं मनगट नीट वळत नाही, शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवायचा.

आणि पेस्ट फ्लोराइडची आहे का, ट्यूबच्या मागं बघा. आपल्याकडं १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) घालायला परवानगी आहे. लहान मुलांच्या रंगीत ट्यूबांमध्ये पुष्कळदा निम्मंच असतं किंवा अजिबात नसतं. शाळेत जाणाऱ्या पोराला मोठ्यांचीच साधी पेस्ट द्या, स्वस्तही पडते.

रंकाळ्यावरचा_गणपा

चूळ भरायची न्हाई? मग त्वांड फेसानं भरलेलंच झोपायचं व्हय?

दाढदुखी

थुंकायचं म्हटलंय, गिळायचं नाही. दोन दिवस विचित्र वाटतं, मग सवय होते.

शिरोळची_सई

अपडेट. दाढ दाखवली, कीड वरवरची आहे म्हणाले, भरून दिली. चार दिवस झाले, टीव्हीसमोर टमरेल चालू आहे. सासरे पहिल्या दिवशी म्हणाले, हे काय नवीन घाण. तिसऱ्या दिवशी तेच पोराला म्हणत होते, "ए, जाहिरात लागली, घे हातात." दूध आता जेवणाबरोबरच देते, साखर निम्म्यावर आणली आहे, त्यावरून अजून भांडण चालू आहे. हिरडीतून थोडं रक्त येतं, तेव्हा थांबवू का?

दाढदुखी

थांबवू नका. बहुतेक वेळा साचलेल्या थरामुळं हिरडी सुजलेली असते, म्हणून रक्त येतं. मऊ ब्रशनं हलक्या हातानं घासत राहिलात तर आठ-दहा दिवसांत थांबतं. नाही थांबलं तर दाखवा.

करवीरचा_मास्तर

दाढ मोजणी झाली. "सर, माझी सहावी आल्या!" म्हणून दिवसभर गोंधळ. खड्डा दिसला त्या पोरांच्या जुन्या चिठ्ठ्या शोधून काढल्या आणि ह्या वेळी पोरांच्या हाती न देता बापांना फोन केले. एकानं विचारलं, खाजगीत परवडत नाही, कुठं नेऊ? सीपीआरला (कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात) दंत विभाग आहे, ओपीडी सकाळची असते, चिठ्ठी बरोबर न्या, असं सांगितलं. रोजगार बुडतो ही त्याची खरी अडचण. त्यावर मी शाळेच्या वतीनं दोघा-तिघा पोरांना एकत्र न्यायचं बघतोय, मुख्याध्यापकांची परवानगी मागितली आहे.

वाढदिवसाच्या चॉकलेटचं अजून जमलेलं नाही. पेरू किंवा शेंगा आणा म्हटलं तर एका पालकानं निरोप धाडला, "आमच्या पोराचाच वाढदिवस सापडला का?" तूर्त एवढंच ठरलंय की चॉकलेट जेवणाच्या सुट्टीत, ताटाबरोबर. आज्ज्यांची सभा शुक्रवारी. काकू, तुम्ही याल का बोलायला? माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.

कागलकर_काकू

येतो की. डबी घेऊन या म्हणून सांगा सगळ्यास्नी.

रंकाळ्यावरचा_गणपा

डॉक्टर, शेवटचा प्रश्न. रात्री पोराला घेऊन गंगावेशीत धारोष्ण दुधाला जातो. ब्रश करून जायचं का येऊन करायचं?

दाढदुखी

येऊन.